मांजरपाटाचा कोट

मुलगी : वळा. अजून थोडं. पाठ करा माझ्याकडे. बाबा, हे असलं घालून तुम्ही कुठे कुठे फिरून आलात?

वडील : कुठे म्हणजे, नेहमीचंच की. बागेत. मग वाचनालयात. येताना केस कापून आलो.

मुलगी : अहो, हा कोट नाहीये. हा मांजरपाट आहे. खरं कापड कापायच्या आधी मापाचा अंदाज यावा म्हणून स्वस्तातल्या कापडाचा नुसता टाचून बघतात, तो. अंगावर चढवायचा, खडूनं खुणा करायच्या आणि काढून ठेवायचा. तुमच्या डोळ्यांदेखत मी वीस वर्षं हेच काम करतेय ना?

वडील : ऊब छान देतो गं.

मुलगी : पाठीवर काय लिहिलंय ठाऊक आहे?

वडील : पाठीला डोळे असते तर वाचलं असतं.

मुलगी : 'पोक' लिहिलंय. ठळक अक्षरात. त्याच्याखाली बाण आणि बाणाखाली 'अर्धा इंच'.

वडील : तरीच वाचनालयात दोन बायका माझ्या मागे बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, रांग आहे.

मुलगी : हसू नका हो. या गल्लीत माझं नाव आहे. लोक लांबून सूट शिवायला येतात माझ्याकडे. आणि माझा बाप रस्त्यानं चाललाय, त्याची एक बाही टाचण्यांवर लोंबतेय.

वडील : हात सरळ ठेवला की टोचत नाहीत त्या. कळलंय मला आता.

मुलगी : आणि आत काय घातलंय हे? थांबा. आत अजून एक आहे?

वडील : आतला या वर्षीचा. वरचा गेल्या वर्षीचा.

मुलगी : काय?

वडील : गेल्या वर्षीचा सैल होतो मला. मग या वर्षीचा आधी घालायचा, तो वरून चढवायचा. अगदी बेतल्यासारखे बसतात एकमेकांवर. त्याच्या आधीच्या वर्षीचाही घालून बघितला, पण मग हात खाली येईना.

मुलगी : कपाटातून काढलेत तुम्ही ते? मी घड्या घालून, चिठ्ठ्या लावून ठेवले होते.

वडील : चिठ्ठ्या जाग्यावर आहेत. छाती साडेअडतीस, छाती अडतीस, छाती सदतीस, छाती साडेछत्तीस. वाचून जरा गंमतच वाटली. ठकू, तू दरवर्षी माझं माप घेतेस आणि मी दरवर्षी थोडा उरतो.

मुलगी : असं बोलू नका.

वडील : मी नाही बोलत, तुझ्या चिठ्ठ्या बोलतायत. बरं, ते जाऊ दे. परवा सकाळी माझी गाडी आहे. सहा महिने राहायचंय तुझ्या दादाकडे. तिथे नळात पाणी गोठतं म्हणतो तो. मी काय घालून जाऊ, तेवढं सांग.

मुलगी : जुना कोट आहे ना.

वडील : त्याचं कोपर गेलंय. अस्तर खिशातून बाहेर येतं. परवा रुमाल समजून नाक पुसलं मी त्याला.

मुलगी : मग आज बाजारातून एखादा तयार घेऊन येऊ. मी येते सोबत.

वडील : तयार नको. मला ते कापड हवंय. तुझ्या आईनं आणलेलं.

मुलगी : दोन दिवसांत नाही होत बाबा.

वडील : गेल्या महिन्यात त्या वकिलाचा कोट किती दिवसांत केलास?

मुलगी : ते गिऱ्हाईक आहे.

वडील : आणि मी?

मुलगी : गिऱ्हाइकाचं बिघडलं तर मी पदरचं कापड आणून परत शिवून देते. हे कुठून आणू? पावणेदोन मीटर आहे. एक वीत जास्तीचं नाही. तुम्हाला सांगितलं नाही, पण मी चौकशी केली होती. ती गिरणीच बंद पडलीय. त्या रंगाचा तुकडासुद्धा आता कुठे मिळायचा नाही.

वडील : म्हणून चार वर्षं पेटीत?

मुलगी : पेटीत पडून नाहीये ते. दर दोन महिन्यांनी काढते, वारा देते, घडी बदलते. एका जागी घडी राहिली तर रेघ पडते.

वडील : जाणतो मी. तू घडी बदलतेस तेव्हा मला खोलीत यायलाही बंदी असते. आधी म्हणालीस कात्रीला धार नाही. धार लावून आणली, तर म्हणालीस मनासारखी बटणं मिळत नाहीत. मग एकदा पंधरा दिवस ढग होते म्हणून खरा रंग दिसत नव्हता. मी म्हटलं, बाई गं, ढग गेले, तर तोवर माझी छाती अर्धा इंच कमी झाली होती. पुन्हा मांजरपाट.

मुलगी : चेष्टा करा.

वडील : मग काय करू? रागावू? रागावायला तू वाईट काही करत नाहीस. चांगलंच करायचंय तुला, आणि ते इतकं चांगलं करायचंय की होतच नाही.

मुलगी : मला भीती वाटते बाबा. झालं समाधान? तुमच्याजवळ म्हणून सांगते. दुसऱ्याच्या कापडावर माझी कात्री आपोआप चालते. हे समोर घेतलं की मी पुन्हा घडी घालून ठेवते. आई दवाखान्यात होती तेव्हा मी तिला म्हटलं, बाबांचा कोट मी शिवते. ती म्हणाली, 'नीट शिव हो.' कोटाबद्दल ती एवढंच बोलली. मग ते बिघडवून कसं चालेल?

वडील : ठकू, मी चाळीस वर्षं टपाल वाटलं. रोज सकाळी पिशवी खांद्याला लावली की तुझी आई दारातून म्हणायची, 'नीट जा हो.' मग काय मी घरीच बसायला हवं होतं?

मुलगी : ते वेगळं.

वडील : काय वेगळं? सायकलवरून दोनदा पडलो. एकदा तर गटारात. पण टपाल पोचलं.

न्हावी : येऊ का आत? काका, टोपी विसरलात दुकानात. ताई, नमस्कार. मी पलीकडच्या चौकातला. काकांचे केस मीच कापतो, म्हणजे आहेत तेवढे.

मुलगी : या, बसा. त्या खुर्चीवर नको, टाचण्या आहेत.

न्हावी : आता बघा, टोपी हा बहाणा. मी कामानंच आलोय. मला असा कोट हवाय.

मुलगी : कसा?

न्हावी : काकांनी घातलाय तसा. टाके बाहेरून दिसणारा, पांढरा, वर आकडे लिहिलेला. आणि मागे ते कंपनीचं नाव हवं. पोक.

मुलगी : अरे देवा.

न्हावी : दुकानात चार माणसं बसली होती, चौघांनी विचारलं कुठून घेतला. काका सांगत होते, माझ्या मुलीनं शिवलाय. एकदा नाही, येणाऱ्या प्रत्येकाला. खुर्चीत बसले तरी अंगावरचं फडकं बाजूला सारून आरशात कोट बघत होते. मी म्हटलं काका, मान सरळ ठेवा, कान जाईल.

मुलगी : बाबा, खरं की काय?

वडील : जरा बघितलं आरशात. त्यासाठीच असतो तो.

मुलगी : पण तो नुसता टाचलेला आहे हो.

वडील : तू शिवलेला दुसरा कोणता आहे माझ्याकडे?

न्हावी : काही चुकीचं बोललो का मी? निघू का?

वडील : बस रे. तू आलास ते बरं झालं. हिच्याकडे एक कापड आहे, त्याला हिची कात्री लागत नाही. तू एवढी डोकी भादरतोस. पहिली कात्री कुठे चालवायची ते कसं ठरवतोस?

न्हावी : छे, ठरवत बसलो तर दुकान चालेल का? आता बघा, गिऱ्हाईक बसलं की मी मानेजवळची एक बट लगेच उडवतो. कशीही. एकदा एका बाजूनं कापलं की त्याला उठून जाता येत नाही, आणि मलाही. मग पुढचं काम आपोआप होतं.

मुलगी : आणि चुकलं तर?

न्हावी : थोडं अजून कापतो.

मुलगी : केस परत येतात भाऊ.

न्हावी : काकांचे कुठे येतात? तरी आज कापलेच ना मी.

वडील : ऐकलंस? माझ्यासारख्यावरही हात चालवतो हा.

मुलगी : तुम्ही दोघं ठरवून आलायत.

वडील : ठरवून नाही. बरं, मी एक सांगू? कोट शिवू नकोस.

मुलगी : आता हे काय नवीन?

वडील : कोट राहू दे. एक बाही बेत. फक्त एक. मग घडी घालून पेटीत ठेव आणि मी पुन्हा विषय काढणार नाही. परवा गाडीत बसेन हे दोन मांजरपाट घालून, मुकाट्यानं.

मुलगी : एका बाहीचं तुम्ही काय करणार?

वडील : दादाला दाखवीन. सांगेन, चार वर्षांत एवढं झालं. अजून तीनचार वर्षांनी दुसरी होईल.

मुलगी : किती टोचून बोलता हो तुम्ही. वाटतं का, हा एवढा साधा माणूस. भाऊ, ती पेटी जरा पुढे ओढाल? कडी नका धरू, निसटते ती.

न्हावी : ही? बाप रे, वजनदार आहे. कापडच आहे ना आत?

मुलगी : खाली जुने नमुने आहेत. हात पुसा. नाही, त्या फडक्याला नको, त्याला खडू लागलाय. हं. आता हे टोक धरा. ओढू नका. नुसतं धरा.

न्हावी : धरलंय. श्वास घेऊ का?

मुलगी : घ्या, पण तिकडे तोंड करून. बाबा, या इकडे. हात वाकवा. खांद्यापासून कोपर, कोपरापासून मनगट.

वडील : माप आहे की तुझ्याकडे. चार वेळा घेतलंयस.

मुलगी : आजचं घेते. गप्प उभे राहा. तेवीस. बरं. कागद ठेवला. खडू मारला. सरका जरा, उजेड अडवताय. बाबा, उद्या सकाळच्या उजेडात कापलं तर?

वडील : आणि उद्या ढग आले तर? कात्री धर.

मुलगी : कापते हं मी.

वडील : कोणाला विचारतेस?

मुलगी : झालं. सुटली बाही.

न्हावी : मला तर घामच फुटला बघा. एवढा पहिल्या दाढीलाही फुटला नव्हता.

वडील : कसं वाटतंय?

मुलगी : काहीच वाटत नाहीये. विचित्रच. कापडासारखं कापड आहे. मऊ आहे, कात्री छान जातेय त्याच्यातून. बाबा, आता हात बसलाच आहे तर दुसरीही कापूनच टाकते.

वडील : मी तर एकच म्हणालो होतो.

मुलगी : एक बाही घेऊन काय जाता दादाकडे, वेड्यासारखे. भाऊ, सोडू नका ते टोक. कागद ठेवला. खडू. हं. आणि... झालं. दोन्ही झाल्या. बघा, एक डावी आणि एक...

वडील : काय गं? काय झालं?

मुलगी : नाही. नाही नाही नाही.

न्हावी : ताई, बसा. पाणी आणू का?

मुलगी : दोन्ही डाव्या कापल्या मी. बाबा, दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या आहेत.

वडील : असं होतं का कधी?

मुलगी : माझं आजवर झालं नाही. एकदाही. मी नेहमी कापड दुहेरी घालते, एकदाच कात्री फिरवते, मग आपसूक एक डावी आणि एक उजवी निघते. आज म्हटलं, जपून करू. दुहेरी नको, एकेक पदर घेऊ, एकेक सावकाश कापू. या जपण्याच्या नादात कागद उलटा करायचाच राहिला. शिकाऊ मुलीसुद्धा अशी चूक करत नाहीत हो. आणि उजव्या बाहीला कापड उरलेलं नाही. सांगत होते ना मी तुम्हाला? आईनं आणलेलं, आणि मी...

वडील : रडू नकोस. इकडे बघ. तुला एक सांगायचंय. हे मी आधीच सांगायला हवं होतं.

मुलगी : काय?

वडील : हे कापड तुझ्या आईला आवडलं नव्हतं.

मुलगी : काहीतरीच काय बोलताय.

वडील : खरं सांगतो. मी होतो तिच्यासोबत. तिला करडा रंग हवा होता. दुकान बंद होत होतं, शटर अर्ध्यावर ओढलेलं, आमची बस उभी. तिनं वाकून आत हात घातला आणि समोर होतं ते उचललं. म्हणाली, चालेल. मग बसमध्ये पिशवीतून काढून बघितलं आणि घरी येईपर्यंत म्हणत होती, रंग जरा मेलेलाच निघाला की हो.

मुलगी : आई असं म्हणाली?

वडील : दोन दिवस म्हणत होती. तिसऱ्या दिवशी विसरली. तिचं सगळं असंच होतं ना. घेतलं, चालेल म्हटलं, पुढे गेली.

मुलगी : मग चार वर्षं तुम्ही गप्प का बसलात? मी त्या कापडाला देवासारखं जपलं बाबा.

वडील : म्हणून तर. ती गेली आणि तू ते पेटीत ठेवलंस, वर डांबराच्या गोळ्या घातल्यास. पहिल्या महिन्यात सांगायला जीभ उचलली नाही. म्हटलं, जरा सावरू दे हिला, मग नीट शब्दांत सांगू. शब्द काही नीट जुळेनात. वर्ष गेलं. मग वाटलं, आता सांगितलं तर म्हणेल एवढे दिवस का नाही बोललात. आणि बघ, तेच म्हणालीस.

मुलगी : म्हणजे तुम्हीही टाळतच बसलात.

वडील : कोणाचा बाप आहे मी?

न्हावी : ताई, मी मध्ये बोलू का? माझ्या हातात एक बाही आहे. ही अशी पालथी केली तर उजव्या हाताला बसतेय की.

मुलगी : बसते हो. पण मग कापडाची उलटी बाजू वर येते. एक बाही सुलटी आणि एक उलटी, असा कोट कोणी घालतं का?

वडील : दाखव बघू. खिडकीशी ने. अगं, ही बाजू तर करडी दिसतेय.

मुलगी : थोडी. उजेडात.

वडील : थोडी कशी? चांगली करडी आहे. चला, एक बाही तरी तिच्या पसंतीची झाली.

मुलगी : बाबा, तुम्ही हे मला हसवायला म्हणताय.

वडील : हो. पण करडी आहेच ती.

न्हावी : आहे. मी कशाला खोटं बोलू? मला काय कोट मिळणार आहे?

मुलगी : लोक काय म्हणतील हो? दोन रंगांच्या बाह्या. विचारतील, कोणी शिवला.

वडील : विचारतीलच. मी सांगेन.

मुलगी : अस्तर दोन दिवसांत पूर्ण व्हायचं नाही. पाठीलाच लावेन, बाह्यांना नाही.

वडील : चालेल.

मुलगी : बटणं एकसारखी नाहीत माझ्याकडे. दोन तपकिरी आहेत आणि एक काळं.

वडील : काळं सगळ्यात खाली लाव. तिथे पोटाखाली लपेल.

मुलगी : पोट कुठे राहिलंय तुम्हाला. बरं, काढा ते दोन्ही मांजरपाट आणि उभे राहा इथे. भाऊ, तुम्ही निघा आता, नाहीतर मशीनवर बसवीन. आणि शनिवारी सकाळी सातला रिक्षा घेऊन या. यांना स्टेशनवर सोडाल ना?

न्हावी : सोडतो की. माझ्या कोटाचं तेवढं लक्षात ठेवा. पोक लिहायला विसरू नका.

(शनिवार सकाळ. दारात रिक्षा उभी आहे.)

मुलगी : डबा घेतलात? गोळ्या? तिकीट कुठेय?

वडील : खिशात. नव्या खिशात. खोल केलायस गं, हात पार आत जातो.

मुलगी : एक बोट जास्त झाला तो. घाई होती.

वडील : चष्म्याची डबीही मावली. जुन्यात कधी मावायची नाही.

मुलगी : हात वर करा. काखेत ओढतंय का?

वडील : थोडं. वर हात करायला मी काय चोर आहे? खाली चांगला बसतो.

मुलगी : उजवी बाही एका बोटानं लांब वाटतेय मला.

वडील : थंडी आहे तिकडे. बोटं झाकली तर बरंच. ठकू, माझ्याकडे बघ. कोटाकडे नको, माझ्याकडे. मला खूप आवडलाय. तुझी आई असती तर तिनं आधी रंगाला नावं ठेवली असती आणि मग गल्लीभर मला फिरवून आणलं असतं.

मुलगी : पोचल्यावर फोन करा. आणि परत याल तेव्हा माप घेणार आहे मी. पुढचा कोट थेट खऱ्या कापडाचा, मांजरपाट नाही.

वडील : साडेछत्तीसच्या खाली जाणार नाही मी. दादाच्या बायकोला सांगतो, जेवायला वाढ.

न्हावी : काका, चला, सिग्नल लागतो त्या चौकात. वा, काय दिसताय. पिशवी द्या इकडे. ताई, एक मिनिट. इकडे या जरा. काकांच्या कॉलरखाली मागे पांढरा धागा राहिलाय बघा, कच्च्या टाक्याचा. वीतभर लोंबतोय. कात्री आणता?

मुलगी : दिसलाय मला. राहू द्या. गाडी चुकेल त्यांची.